चौकटीच्या कागदावरचा खांब

तुम्ही खांब सरळ केला नाहीत. माझं चित्र सरळ केलंत.

आणि वर ते स्पर्धेच्या फलकावर छापून मैदानाच्या फाटकाला टांगलंत. उडणारी पोरगी माझी आहे, चेंडू माझा आहे, फक्त खांब माझा नाही. तो कॉम्प्युटरवर कुणीतरी ताठ उभा केलाय. मी तो कललेला काढला होता, कारण मैदानावरचा बास्केटबॉलच्या बोर्डाचा खांब कललेलाच आहे. साहेब, मी चित्रकलेच्या कुठल्या शाळेत गेलेली नाही. पण डोळे शाबूत आहेत. त्या दिवशी तुम्हाला ऐकायला वेळ नव्हता. आता वाचा.

माझे वडील शंकरप्पा इथल्या चादरीच्या कारखान्यात नक्षा काढायचे. चौकटीच्या कागदावर एकेक घर रंगवायचं. एक घर म्हणजे एक धागा. एक घर चुकलं की मोराची मान मोडायची, आणि ती पुढच्या प्रत्येक चादरीवर मोडलेलीच निघायची. कारखान्यात कॉम्प्युटर आला, पुढे वडीलही गेले, आमच्या घरात त्या कागदाचे गठ्ठे उरले. त्याच कागदावर मी चित्रं काढायला शिकले. त्यातनं एक वाईट सवय लागली. रेघ घराबाहेर सरकली की माझा हात आपोआप पट्टीकडे जातो.

माझ्या भावाची पोरगी सिद्धेश्वरी, पंधरा वर्षांची, तुमच्या मैदानावर बास्केटबॉल खेळते. तिचे मल्लिनाथ सर मला म्हणाले, "स्पर्धेसाठी चित्र पाहिजे, मॅडम. पोरी जिवंत दिसल्या पाहिजेत. नुसत्या बाहुल्या नकोत." म्हणून मी महिनाभर रोज संध्याकाळी पायऱ्यांवर जाऊन बसले. तिसरी पायरी, कडेचा कोपरा. जागा बदलायची नाही, ही वडिलांची शिस्त. डोळा हलला की नक्षा हलला, असं ते म्हणायचे.

पहिल्या आठवड्यात बाहुल्याच आल्या. नाक, डोळे, जर्सीवरचा नंबर, बुटाची नाडी, सगळं जागच्या जागी आणि सगळं मेलेलं.

"आत्या, ही मी हाय?" सिद्धेश्वरी कागद उलटासुलटा करत म्हणाली. "ही तर बँकेच्या रांगेत उभी हाय की."

"आणि मी चपात्या लाटतीय," तिची मैत्रीण अंकिता म्हणाली. "लाटते पण गोल, काकू, तेवढं बरोबर हाय."

मग मी चेहरे सोडून दिले. आधी दोन्ही खांब काढायचे, ते हलत नाहीत, बाकी सगळं त्यांच्यावरनं मोजायचं. मग पोरगी उडायच्या आत मानेपासून टाचेपर्यंत एकच रेघ, पेन्सिल न उचलता. भार ज्या पायावर आहे तिथं कागद फाटेल इतका जोर द्यायचा, सुटलेल्या पायाला नुसतं शिवून जायचं. बोटं मोजायची नाहीत. आणि चेंडू हातात काढायचाच नाही. हात आणि चेंडू यांच्यात जागा रिकामी सोडायची. बघणाऱ्याचा श्वास तिथं अडकतो. हे मला कुणी शिकवलं नाही. शे-दीडशे कागद वाया गेल्यावर कळलं.

दुसऱ्या आठवड्यात पोरी उडायला लागल्या. तिसऱ्या आठवड्यात मला भीती वाटायला लागली.

एका दुपारी कागद ओळीनं जमिनीवर मांडले होते. डाव्या बोर्डाकडं झेपावणारी प्रत्येक पोरगी धनुष्यासारखी ताणलेली. उजव्या बोर्डाकडं जाणारी प्रत्येक पोरगी शेवटच्या पावलाला कंबरेतनं बाहेर वळलेली. अंगावर कुत्रं आल्यावर माणूस वळतं तशी. तोंडावर हसू आणि खांद्यात धडकी. एकीचं नाही, संघातल्या सातही जणींचं तसंच. आधी वाटलं, माझाच हात त्या बाजूला अडतोय. मग खांब बघितले. डावा खांब पायापासून शेंड्यापर्यंत एकाच घरात होता. उजवा पायाशी एका घरात आणि शेंड्याला दीड घर मैदानाकडं. त्याच आठवड्याचा शेवटचा कागद घेतला. अडीच घरं.

मी पहिल्या आठवड्याचे कागद काढले. तिथं तो ताठ. पण जवळ नेऊन बघितलं तर पट्टीच्या रेघेशेजारी खोडलेली रेघ दिसत होती, थोडी कललेली. मीच खोडली होती. माझा हात चुकला असं समजून, दर वेळी, पट्टी लावून. खांब तेव्हाही सांगत होता आणि मी त्याला गप्प केलं होतं.

दुसऱ्या दिवशी उन्हात, मैदान रिकामं असताना, मी त्या खांबाजवळ गेले. वर ताजा पिवळा रंग. बुडाशी सिमेंटला तडा गेलेला, त्यात पाणी मुरून लोखंडाचे पापुद्रे सुटलेले. माझं बोट पेरभर आत गेलं. सिद्धेश्वरी सरावाला लवकर आली होती. तिला म्हटलं, एक चेंडू बोर्डावर मार. मी खांबाला तळवा लावून उभी राहिले.

आवाज दोन आले. एक वरनं, बोर्डाचा. दुसरा थोडा उशिरा, खालनं, जमिनीतनं, कुणी दात खाल्ल्यासारखा. माझा हात झटकन मागं आला, मी दोन पावलं लांब झाले. आणि मग लाज वाटली, कारण पोरगी बोर्डाखालीच उभी होती.

"तुला माहीत होतं?"

"सगळ्यांनाच माहीत हाय." तिनं चेंडू काखेत घेतला. "पोरं रिंगला लोंबकळली की लई हलतो. आमी त्याला डुलक्या म्हणतो."

"सरांना सांगितलं नाही?"

"सरांनी वर सांगितलं की. वरनं रंग आला."

म्हणून मी मैदानाच्या कचेरीत तुमच्याकडं आले. एकोणीस कागद टेबलावर मांडले. तुम्ही पहिला उचललात, शेवटचा उचललात आणि तुमच्या कारकुनाकडं बघून हसलात.

"ह्यात सरळ, ह्यात वाकडा. मॅडम, खांब वाकडा का तुमचा हात वाकडा?"

"पहिल्या आठवड्यात मी पट्टी लावली होती, साहेब. ती माझी चूक."

"मग पुढंही लावायची की!"

कारकून खो खो हसला. मी म्हटलं, दोन मिनिटं चला, हात लावून बघा. तुम्ही म्हणालात, स्पर्धा होऊ दे, मग बघू. आणि त्यातला सगळ्यात चांगला कागद मात्र ठेवून घेतलात. तो फलकावर कसा गेला ते आता सगळं सोलापूर बघतंय.

काल सिद्धेश्वरी माझ्याजवळ येऊन बसली. रविवारच्या सामन्याला जिल्ह्याच्या संघाची निवड करणारे येणार आहेत.

"आत्या, फलकावरच्या चित्रात मी घाबरलेली दिसते. खांब बदलला, माझं अंग तसंच ठेवलंय."

"दिसतीस."

"त्यांना कळंल? आत जायला घाबरते म्हणतील."

"जाऊ नको आत. लांबनं टाक."

"लांबनं टाकायला बुटक्या पोरी हायत. मला उंचीसाठी घेतलंय. बोर्डाखाली गेले नाही तर घेतील व्हय मला?"

"घाबरतीस ना?"

"घाबरते की." ती नखं कुरतडायला लागली. "म्हणून तर वर बघत नाही. तू पण ओरडू नको हां तिथं. तू ओरडलीस तर मी थांबीन."

मी तिला खोलीत कोंडून ठेवू शकते. भाऊ तेच म्हणतोय. मग तिच्या जागी अंकिता आत जाईल. तिचीही कंबर मी काढलेली आहे, कुठं वळते ते मला पाठ आहे. कुणाच्या पोरीला पुढं करू?

आज सकाळी पुन्हा तिसऱ्या पायरीवर बसले. खात्री करायला खांब तीनदा काढला. तिन्ही वेळा सारखाच आला. साडेतीन घरं. खाली तुमची माणसं खुर्च्या लावत होती. पाहुण्यांच्या खुर्च्या त्यांनी डाव्या बाजूला लावल्यात. उजवीकडं एकही नाही. म्हणजे तुम्हालाही ठाऊक आहे.

रविवारी चार वाजता सामना आहे. आज शुक्रवार. हा कागद मी तुमच्या हातात देणार आहे आणि एक प्रत फाटकाला चिकटवणार आहे, पोरींच्या आईबापांना वाचता येईल अशी. खांब तपासून खेळायला हरकत नाही असं कोण म्हणालं, त्याचं नाव लिहा. कुणीच म्हणालं नसेल तर तसं लिहा. आणि सात पोरी त्या बोर्डाखाली जायच्या आधी तुम्ही स्वतः तिथं दहा मिनिटं उभे राहाल का, वरनं चेंडू आदळत असताना? उत्तर शनिवारी संध्याकाळपर्यंत द्या, तुमच्या सहीनिशी.

हो का नाही?