आईची तिथी

सुश्रुतच्या फोनमध्ये एकशे बारा अ‍ॅप होती आणि त्यांतलं एकही बिनकामाचं आहे असं कुणी म्हटलेलं त्याला खपत नसे. ग्वाल्हेरच्या कंपू भागातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये तो रक्त तपासायचा, पण शेजारच्या लष्कर भागातल्या निम्म्या मराठी घरांत त्याला ओळखायचे ते फोनमुळे. कुणाच्या फोनवर अक्षरं मोठी करून दे, कुणाला गोळीच्या वेळी घंटी लावून दे, कुणाच्या जुन्या कागदांचे फोटो काढून एकाच फाइलमध्ये बांधून दे, असं त्याचं चालू असे. महाराष्ट्र मंडळाच्या एका कार्यक्रमात त्याने ज्येष्ठांना तासभर शिकवलं होतं की बोटांनी टाइप करायची गरजच नाही, माइकचं चित्र दाबा आणि बोला, फोन आपोआप मराठीत लिहितो. त्या दिवसापासून सगळे ज्येष्ठ फोनवर ओरडून बोलतात.

माणूस वाईट नव्हता. फक्त त्याला स्वस्थ बसणं ठाऊक नव्हतं. आई गेल्यापासून तर मुळीच नाही.

आई, शामलाबाई, मागच्या ऑगस्टमध्ये गेल्या. मुलगी सीमंतिनी मस्कतला एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट. त्याच आठवड्यात तिचा पासपोर्ट व्हिसाच्या नूतनीकरणासाठी कचेरीत अडकलेला होता, त्यामुळे तिला निघताच आलं नाही. सुश्रुतने घाटावर फोन धरून तिला सगळं दाखवलं. ऐन अग्नी द्यायच्या वेळी नेटवर्क गेलं आणि तिच्या स्क्रीनवर नुसतं एक चाक फिरत राहिलं. नंतर तिने भावाला एवढंच सांगितलं होतं, "दादा, वर्षश्राद्धाला मी स्वतः येणार. काही झालं तरी. तारीख तेवढी आधी कळव, इथे रजा एकदाच मिळते, आणि एकदा मंजूर झाली की बदलत नाही."

तारीख काढायची म्हटल्यावर सुश्रुतची बोटं शिवशिवली. पंचांगाचं एक नवं अ‍ॅप आलं होतं. तिथी टाकली की दर वर्षीची तारीख आपलं आपण काढणारं, घरातल्या सगळ्यांच्या फोनवर आठवण पाठवणारं. उघडताना अ‍ॅपने चार-पाच प्रश्न विचारले. सुश्रुत 'पुढे, पुढे, पुढे' करत गेला. गाव विचारलं तेव्हा 'परवानगी द्या' दाबलं. मग टाकलं, श्रावण, कृष्ण पक्ष, पंचमी. अ‍ॅपने जुलैची पंधरा तारीख दिली.

"एवढ्या लवकर?" रमाकांत म्हणाले होते. सुश्रुतचे बाबा कमी बोलणारे. बायको गेल्यापासून आणखीच कमी.

"बाबा, तिथी मागेपुढे होते. तुम्ही फिकर नका करू. आता ते छापील पंचांगही नका मागवू यंदा. सगळं यात आहे."

बाबांनी पंचांग मागवलं नाही. सीमंतिनीने चार दिवसांची रजा टाकली, तिकीट काढलं, आणि चौदा तारखेच्या संध्याकाळी दिल्लीहून टॅक्सीने दारात उतरली. वजन उतरलेलं, डोळ्यांखाली काळं. "मला वर्षभर झोपच नाही रे," ती चहा पिताना सहज बोलल्यासारखं बोलली. सुश्रुतने लगेच झोपेचं एक अ‍ॅप तिच्या फोनमध्ये घालून दिलं. पावसाचा आवाज लावून देतं म्हणे. तिने घालू दिलं.

पंधराला सकाळी गुरुजी आले. सुश्रुत सोवळं नेसून पाटावर बसला, बोटात दर्भाचं पवित्रक चढवलं, आणि शेजारच्या रिकाम्या पाटावर फोन ठेवला. बोललेलं टिपून घेणारं अ‍ॅप त्याने चालू केलं होतं. संस्कृतही घेतं, हे त्याला परवाच कळलं होतं. सगळा विधी अक्षरांत उतरेल आणि सीमंतिनीला जपून ठेवता येईल, असा त्याचा बेत. गुरुजींनी फोनकडे पाहून नाक मुरडलं. सीमंतिनी भिंतीला टेकून बसली होती, आईची जुनी हिरवी साडी नेसून. तिच्या मागे स्वयंपाकघरात सुश्रुतची बायको शिखा वडे तळत होती.

गुरुजींनी संकल्प सुरू केला. स्क्रीनवर ओळी उमटू लागल्या. काही चुकीच्या, काही हास्यास्पद. एका देवाचं नाव तर फोनने 'दुकान' असं लिहिलं. सुश्रुतला हसू आवरेना. मग पुढची ओळ उमटली: आषाढमासे कृष्णपक्षे पञ्चम्यां तिथौ.

आषाढ?

फोनने चुकीचं ऐकलं असेल. पण श्रावण आणि आषाढ हे दोन शब्द इतके दूरचे की त्यांत घोटाळा होणं अवघड. आणि त्याखाली: तिलतर्पणं करिष्ये. श्राद्ध हा शब्द कुठेच नाही. त्याने ताटाकडे पाहिलं. पिंडांचा भात नव्हता.

लहानपणापासून पाहत आला होता तो, शेजारचे लोक 'सावन'चे सोमवार आपल्याआधी पंधरा दिवस धरायला लागतात. त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. म्हणजे आज त्यांचा श्रावण चालू झालेला, आणि आपला आषाढच अजून संपायचा आहे. अ‍ॅपला त्याने ग्वाल्हेर सांगितलं होतं. अ‍ॅपने ग्वाल्हेरच्या लोकांचा महिना दिला. ग्वाल्हेरात दोनशे वर्षं राहून एक घर आपला महिना वेगळा मोजतं, हे त्याला कुणी सांगायचं? ज्याने सांगायला हवं होतं तो 'पुढे, पुढे' करत बसला होता.

आईची तिथी अजून महिनाभर लांब होती. आणि सीमंतिनी परवा परत जाणार होती.

त्याने गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींनी रमाकांतांकडे पाहिलं. रमाकांतांनी मान अगदी थोडी हलवली, म्हणजे बस, चालू दे. सुश्रुतने पळीभर तीळपाणी सोडलं. मागे सीमंतिनी रडत होती, आणि ते रडणं इतकं मोकळं होतं की त्याला पाटावरून उठून पळून जावंसं वाटलं.

पानं वाढायला अवकाश होता. त्याने बाबांना मागच्या अंगणात गाठलं.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"गुरुजींनी पंधरा दिवसांपूर्वी सांगितलं."

"मग बोलला का नाही मला?"

रमाकांत नळाखाली हात धूत होते. धुऊन झाले तरी धूतच राहिले. "तिकीट निघालं होतं तिचं. रजा हलत नाही म्हणाली होती ना? सांगितलं असतं तर तिने तिकडेच रडत बसायचं. नाहीतर पुन्हा तू फोन धरून दाखवणार."

"पण बाबा, मतलब… हे तर तिला फसवणं झालं."

"गुरुजी खोटं काही बोलले नाहीत. तर्पण केलं, जेवण आहे. श्राद्ध पुढच्या महिन्यात आपण दोघं करू." त्यांनी नळ बंद केला. "मला मुलगी बघायची होती रे. वर्ष झालं."

आयुष्यात पहिल्यांदा सुश्रुतकडे एकही युक्ती नव्हती. तो आत आला, बाहेर गेला, पुन्हा आत आला. शिखा म्हणाली, "एका जागी बसा ना, पायात पायात येताय." मग त्याला एकदम आठवलं. टिपलेला मजकूर! ते अ‍ॅप त्याने घरच्या फोल्डरला जोडून ठेवलं होतं, कार्यक्रम संपला की मजकूर सगळ्यांच्या फोनवर आपोआप जातो. ही युक्ती तर तो मंडळातसुद्धा शिकवायचा.

त्याने धावत फोन उचलला. पवित्रक अजून बोटात होतं, त्यामुळे अंगठा नीट लागेना. फोल्डर उघडला. फाइल गेलेली. पुसायचं कुठे असतं? तीन टिंबं, मग आणखी तीन टिंबं. लोकांना शेकडो वेळा दाखवलेली गोष्ट त्याला सापडेना. सापडली तेव्हा फाइलखाली दोन नावं होती. उघडून पाहिलेल्यांची. एक त्याचं, दुसरं सीमंतिनीचं.

ती आतल्या खोलीत आईच्या पलंगावर पडली होती. फोन छातीवर उपडा. सुश्रुत दारातच थांबला.

"सीमू, ते… ते मशीनने लिहिलेलं आहे. चुका असतात त्यात. एका देवाला दुकान केलंय बघ."

"हं. वाचलं मी."

"माझ्याकडून चूक झाली. मी गाव टाकलं आणि त्याने…"

"गाढव आहेस तू," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, म्हणून ते जास्त लागलं. "वर्षभर मी ह्या एका दिवसावर काढलंय, दादा. एका दिवसावर."

तो खाली फरशीवर बसला. त्याला रडू आलं आणि त्याने ते लपवलं नाही. बाहेर बाबा शिखाला विचारत होते, सीमूला आमसुलाची चटणी आवडते, केलीस ना? दोनदा विचारलं त्यांनी. मग जवळ येणारी त्यांची पावलं ऐकू आली.

सीमंतिनी उठून बसली. तिने आईच्या साडीच्या पदराने तोंड पुसलं, फोन उचलला, फाइल काढून टाकली आणि सुश्रुतकडे पाहिलं.

"बाबांना माहीत आहे ना हे?"

त्याने होकारार्थी मान हलवली.

"मग मला कळलंय हे त्यांना सांगू नकोस," ती म्हणाली, आणि पानावर बसायला बाहेर गेली.