सोन्याचा खोकला

विद्याधरने स्टेथोस्कोप सोन्याच्या छातीवर टेकवला आणि नेमकी त्याच वेळी जानकीबाईंना खोकल्याची उबळ आली. कुत्र्याला टेबलावर त्यांनीच धरलं होतं. एक हात त्याच्या पोटाखाली, दुसऱ्या हाताने पदर तोंडावर, अशा त्या वाकून खोकत राहिल्या. उबळ थांबेचना.

“गप ऱ्हव गो जरा!” नाना खेकसले. “डॉक्टरांना सोन्याचा खोकला ऐकू दे.”

जानकीबाईंनी श्वास कोंडून धरला. डोळ्यांत पाणी आलं, गळ्याच्या शिरा तटतटल्या, पण आवाज म्हणून त्यांनी येऊ दिला नाही. विद्याधरने ऐकलं. पॉमेरियनच्या घशात थोडी खरखर होती, छाती स्वच्छ होती. पावसाळा सरताना उपनगरातली निम्मी कुत्री अशी खोकतात आणि आपली आपण बरी होतात.

नाना सावंत म्हणजे पार्ल्यातल्या कुत्रेवाल्यांचं हायकोर्ट. गिरणीत जॉबर होते, कामगारांवरचे मुकादम; मोठ्या संपाच्या आधीच निवृत्त झाले. माणसं पारखायची, झापायची आणि बदलायची ही जन्माची सवय. गिरणी सुटली, हाताखालची माणसं सुटली, मग त्यांना जनावरांचे डॉक्टर सापडले. संध्याकाळी बागेतल्या बाकावर बसून ते निकाल द्यायचे. कांदिवलीचा? तो तबेल्यातला, म्हशीचा हात कुत्र्याला लावतो. घाटकोपरचा? आधी सुई, मग नमस्कार. मुलुंडचा हुशार आहे हो, पण स्वतःच कुत्र्याला टरकतो. लोक हसायचे आणि ऐकायचे. नानांनी ज्याच्या नावावर काट मारली त्याची पायरी पार्ल्याचं कुत्रं चढायचं नाही.

अशी पारख करत नाना रिक्षाने सगळी उपनगरं हिंडले होते, आणि सोन्याची कॅनव्हासची पिशवी मांडीवर घेऊन जानकीबाई बरोबर. इतक्या दवाखान्यांत ही बाई खोकत बसली, पण एकाही शहाण्याने मान वर करून तिच्याकडे बघितलं नाही. बघतील कशाला? ते पडले जनावरांचे डॉक्टर.

विद्याधरने बघितलं. अंधेरीला गॅरेजशेजारचा गाळा घेऊन त्याने नुकता दवाखाना थाटला होता आणि बाहेरच्या बाकावर बहुतेक वेळ धूळच बसलेली असायची. माणसांकडे बघायला त्याला वेळ होता. जानकीबाईंची मनगटं वाळकी झाली होती, गालांवर बारीक लाली होती, आणि तोंडावरून काढलेल्या पदराला ताज्या रक्ताचा ठिपका होता.

“काकूंना खोकला कधीपासून आहे?”

“तिचा जुनाच आहे. तुम्ही सोन्याचं बोला.”

“संध्याकाळी ताप येतो का, काकू?”

जानकीबाईंनी आधी नवऱ्याकडे बघितलं. “माका काय होऊक नाय,” त्या म्हणाल्या आणि पदराचं ते टोक त्यांनी मुठीत दडवलं.

“मी बघितलंय, काकू. रक्त आहे त्याला.” विद्याधर नानांकडे वळला. “यांना लगेच हॉस्पिटलात न्या. छातीचा एक्स-रे काढा. टीबी असणार. घाबरायचं कारण नाही, हल्ली टीबी बरा होतो. महापालिकेच्या हॉस्पिटलात औषधंसुद्धा फुकट मिळतात. पण आता उशीर केलात तर वाट लागेल.”

नाना उठले. त्यांनी सोन्याला उचलून पिशवीत घातलं.

“बाहेर बोर्डावर काय लिहिलंय, डॉक्टर? मी कुत्रा दाखवायला आलो, बायको नाही. कांदिवलीचा तबेल्यातला असेल, पण जनावराकडे बघतो तरी.”

विद्याधरचा संताप संताप झाला. असल्या माणसाला बखोटीला धरून बाहेर काढावं असं त्याला वाटलं. आणि खरं सांगायचं तर आणखीही एक वाटलं, नानांचा पाय उंबऱ्याबाहेर पडला की सगळं पार्लं हातचं जाणार. जानकीबाई मात्र जागच्या हलल्या नव्हत्या. हे सगळं कधीतरी कुणीतरी म्हणावं म्हणून इतकी वर्षं थांबल्यासारख्या त्या डॉक्टरकडे बघत होत्या. त्या नजरेने विद्याधरला गप्प बसवेना.

“थांबा, नाना,” तो म्हणाला. “सोन्याचा खोकला यांच्याकडूनच आलाय.”

नाना थांबले.

“म्हणजे?”

“माणसाचा टीबी कुत्र्याला लागतो. अजून छातीत उतरलेला नाही, पण घशात सुरुवात आहे. काकूंचा इलाज झाल्याशिवाय हा बरा व्हायचा नाही. मी औषध दिलं तरी नाही आणि मुलुंडच्याने दिलं तरी नाही.”

पुस्तकात तशी एखाददुसरी नोंद होती. सोन्याच्या घशात मात्र तसलं काहीएक नव्हतं. पण नानांचा चेहरा पडला, घाईघाईने त्यांनी पिशवीची चेन उघडली. त्यांनी सोन्याला छातीशी धरलं, त्याच्या कानामागे तोंड खुपसलं, आणि जॉबर नाना सावंत परक्या डॉक्टरसमोर रडले.

“एवढे डॉक्टर झाले,” ते म्हणाले, “पण एका लेकाला कळलं नाही.”

“मग उद्याच एक्स-रे,” विद्याधर म्हणाला.

“उद्याच. तुम्ही सांगाल तसं.”

आपण काय झकास डोकं चालवलं म्हणून विद्याधर मनातून जाम खूश झाला. बायकोसाठी नाही तर नाही, कुत्र्यासाठी तर नेईल! मग त्याचं लक्ष जानकीबाईंकडे गेलं. त्या टेबलापासून मागे सरकत सरकत भिंतीला टेकल्या होत्या.

“माझ्यामुळे?” त्यांनी विचारलं.

त्यांना डोळ्याने खूण करावी, काकू तसं काही नाही हो, असं हळूच सांगावं, असं त्याला फार वाटलं. पण नाना मध्ये उभे होते.

“एक्स-रे काढा, काकू. सगळं ठीक होईल.”

त्यांनी ते ऐकलं की नाही कुणास ठाऊक. जाताना सोन्याची पिशवी पहिल्यांदाच नानांनी घेतली. जानकीबाई रिक्षात तोंड बाहेर काढून बसल्या आणि घर येईपर्यंत खोकला आला तरी वाऱ्यावरच खोकल्या.

घरी आल्यावर कुणी न सांगता त्यांनी आपली खाट सोडली, चटई गॅलरीत नेली, ताट-पेला वेगळा केला. मूलबाळ नाही, त्यामुळे सोन्याचं खाणं-पिणं, न्हाऊ-माखू सगळं त्यांच्याच हातचं. तो गॅलरीचं दार नखांनी ओरबाडायला लागला. जानकीबाई पलीकडून म्हणत होत्या, “जा रे बाबा, माझ्याकडे येऊ नको. तुझ्या पाया पडतंय, जा.” नाना त्याला उचलून न्यायचे, तो पुन्हा यायचा. त्याला काय कळतंय! तो त्या दाराशीच आडवा होऊन कण्हत राहिला.

एक्स-रेचं नानांनी काही काढलं नाही. त्यांनी विचार केला होता आणि त्यांच्या मते तो विचार पक्का होता. हॉस्पिटलात जायचं म्हणजे खोकणाऱ्या माणसांच्या रांगेत उभं राहायचं. तिथून ही आणखी काय काय घेऊन घरी येणार, आणि ते सगळं सोन्यावर. औषध चालू झालं तरी ती बरी होईपर्यंत त्याच घरात राहणार. छे, असा धोका कोण पत्करील? त्यांनी मानखुर्दला मेहुण्याला निरोप धाडला.

धोंडू कामावरून सुटून तसाच आला. बहिणीला बघितलं आणि त्याचा चेहराच उतरला.

“भावोजी, डॉक्टरान छातीचो फोटो काढूक सांगल्यान मां?”

“गावचो वारो लागलो की बरी होतली. तू तिका घेऊन जा.”

“पण गावाक खंयचो फोटो? देवगडाक नेऊचा तर दिवस जाता, आणि थय तरी मशीन चालू असताला काय, देव जाणे. तेच्यापेक्षा मी माझ्याकडे मानखुर्दाक ठेवतंय. हयसरच हॉस्पिटलात दाखवू.”

“मानखुर्दाहून ती उठून हय येतली. माका म्हायत आसा. सोन्याशिवाय तिका ऱ्हवूक होवचा नाय.” नानांनी आवाज चढवला. “डॉक्टर काय बोललो ता तू ऐकूक नाय. मी ऐकलंय.”

“जाऊया, धोंडू,” जानकीबाई म्हणाल्या. “ते खरा सांगतत. मी हय रवलंय तर सोन्याक बघल्याशिवाय माका ऱ्हवूचा नाय.”

भाऊ पुष्कळ बोलला. शेवटी तिनेच हट्ट धरला म्हटल्यावर त्याचं काही चालेना. बोचकं बांधून झालं. नानांनी सोन्याला छातीशी आवळून धरलं होतं आणि तो सुटण्यासाठी आकांत करत होता. जानकीबाईंनी पदर नाकातोंडावर घट्ट बांधून घेतला होता. दारातून त्यांनी त्याच्याकडे एकदा डोळे भरून बघितलं. हात पुढे गेला आणि तसाच मागे आला.

“तेका दूध कोमट करून घाला हां,” त्या पदराआडून म्हणाल्या. “थंड नको.”

नानांनी मान हलवली. धोंडूने बोचकं खांद्यावर टाकलं आणि दोघं जिना उतरली. जिन्यात तिला खोकला आला तो खालच्या दारापर्यंत ऐकू येत होता. मग नानांनी दार लावलं आणि सोन्याला खाली सोडलं.

इकडे विद्याधरच्या दवाखान्याचं नशीब फळफळलं. पार्ल्याची कुत्री रिक्षांतून उतरायला लागली. अल्सेशियन आली, डॅशहंड आले, एक बाई तर मांजर घेऊन आली. नाना सावंतांनी पाठवलं, असं जो तो सांगायचा. विद्याधरने आणखी एक बाक घेतला, तोही पुरेना. जानकीबाईंची आठवण त्याला अधूनमधून यायची. नेलं असणार, तो मनाशी म्हणायचा. एवढा रडला म्हातारा, नेल्याशिवाय राहणार नाही.

दिवाळी होऊन गेल्यावर एका सकाळी नाना स्वतः आले. दाढीचे पांढरे खुंट वाढलेले, पण चेहऱ्यावर तेज होतं. सोन्या पिशवीतून उडी मारून थेट टेबलाशी गेला. विद्याधरने त्याला तपासलं. खोकला नाही, खरखर नाही, केस चकचकीत.

“पेढे आणणार होतो, डॉक्टर,” नाना म्हणाले. “पण सुतक आहे.”

विद्याधरचा हात कुत्र्याच्या पाठीवरच राहिला. “कोण?”

“आमची ही. गावी होती. परवा तार आली.”

“गावी? मी तर एक्स-रे काढायला...”

“अहो, तुम्हीच बोललात ना, तिच्यामुळे सोन्याला लागलंय? मी ताबडतोब घरातून हलवली. गेली आणि आठवड्याभरात ह्याचा खोकला थांबला की!” नाना बाकांकडे वळले. बाकांवरची सगळी माणसं आपापली कुत्री धरून ऐकत होती. “डॉक्टर असावा तर असा. कुत्र्याची छाती तपासता तपासता माणसाचा रोग सांगितला. आता ती गेली, म्हणजे होताच ना टीबी? जरा उशीर झाला असता तर सोन्यापण गेला असता माझा.”

कुणीतरी च् च् केलं. कुणीतरी, खरंच हो, म्हणालं.

विद्याधरच्या अगदी ओठांवर आलं. ते खोटं होतं, मी खोटं बोललो, तिच्यामुळे कुत्र्याला काहीही झालं नव्हतं. एवढं एकच वाक्य, आणि ती बाई ते ऐकायलासुद्धा आता नव्हती. त्याने बाकांकडे बघितलं. सगळे त्याच्याकडे विश्वासाने बघत होते. त्याला स्वतःची शिसारी आली.

“तुम्ही गावी गेला नाहीत, नाना?” त्याने नुसतंच विचारलं.

“सोन्याला कुणाकडे ठेवू? धोंडूने केलं सगळं.” नानांनी कुत्र्याला उचललं आणि टेबलावर वाकून आवाज खाली आणला. “एक विचारायचं होतं, म्हणून तर सुतकात आलो. तिची खाट रिकामी आहे. डेटॉलने पुसून घेतली, चार दिवस उन्हात ठेवली. हा सारखा तिथंच जाऊन बसतो. झोपू दिला तर चालेल ना?”

विद्याधरने स्टेथोस्कोप गळ्यातून काढला, नळी गुंडाळली, उलगडली आणि पुन्हा गळ्यात घातला.

“चालेल,” तो म्हणाला.