गार खोली

“खोली फार गार आहे हो,” नाना म्हणाले, आणि त्यांनी मांडीवरच्या सारंगीची पहिली खुंटी पिळली.

मागे बसलेल्या त्यांच्या मुलीने घड्याळ पाहिलं. समोरच्या पडद्यावर समितीचे तिघे दिसत होते. अनुदान मागायला आलेल्या प्रत्येकाला दहा मिनिटं. त्यातच वाजवून दाखवायचं आणि त्यातच काय ते बोलायचं. सोबतच्या माणसाने मागे गप्प बसायचं, हे शिपायाने दारातच बजावलं होतं.

अर्ज तिनेच केला होता. नानांना त्यांच्या गुरूंनी दिलेल्या कितीतरी जुन्या रचना आता दुसऱ्या कुणालाच येत नव्हत्या. त्या नीट ध्वनिमुद्रित करायच्या तर स्टुडिओ हवा, साथीदार हवे. त्यात नानांचा डावा हात कापू लागलेला. डॉक्टर म्हणाले होते, यंदा काय वाजवायचं ते वाजवून घ्या. हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसं म्हणाले होते. अनुदान पुढच्या वर्षीही निघेल; हात तोवर थांबणार नव्हता.

गेल्या गेल्या वाजवायला लागायचं, असं तिने घरी नानांकडून कबूल करून घेतलं होतं. पण कबूल करणं वेगळं आणि बेसूर तारांवर गज टेकवणं वेगळं. मुख्य तारांखाली बारीक तारांची दाट रांग होती. वर सूर लागला की त्या आपोआप झंकारायच्या. उकाड्यात लावून आणलेल्या त्या साऱ्या इथल्या गारव्यात आवळून सुरापेक्षा वर चढल्या होत्या. आई होती तेव्हा म्हणायची, यांचं वाद्य लागेपर्यंत पाहुण्यांची पोरं मोठी होतात. पाहुणे हसायचे आणि थांबायचे.

पडद्यावरच्या बाईंनी सुरुवात करता का म्हणून अदबीने विचारलं. नाना म्हणाले, “ही काय, केली की.”

एकाने पाण्याचा घोट घेतला. दुसरा खाली बघून काहीतरी लिहू लागला. नानांचा हात कापे, खुंटी जरा जास्त फिरे, मग ती मागे घ्यावी लागे. मुलगी मुद्दाम खोकली. नानांनी वळून पाहिलं. ती लहान असताना मैफलीत खोकली की असंच पाहायचे. त्यानंतर तिने पडद्याकडेही पाहिलं नाही, नुसती त्या बोटांकडे पाहत राहिली.

वेळ संपल्याचं बाईंनी सांगितलं, आभार मानले. पडदा करडा झाला. त्याच क्षणी नानांनी गज ओढला आणि एका सुराने खोली काठोकाठ भरली.

“लागलं,” म्हणत त्यांनी मान वर केली. “गेले का?”

“गेले, नाना.”

“थांबले नाहीत जरा.” त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. दूरच्या गावी निघालेल्यांना उशीर होत असेल, असं काहीसं होतं.

बाहेर बाकावर पुढचा उमेदवार घाम पुसत बसला होता, चाळिशीचा, तसलंच वाद्य मांडीवर. आत काय विचारतात, असं त्याने घाबरत विचारलं. मुलीला वाटलं, सांगावं की काही विचारत नाहीत, घड्याळ बघतात. पण नाना त्याच्याशेजारी टेकले होते.

“आत फार गारठा आहे. तारा चढतात. बाहेरच थोड्या उतरवून ने, म्हणजे आत गेल्यावर जागेवर येतील.”

“किती उतरवू, काका?”

ते काही सांगता येण्यासारखं नव्हतं. नानांनी वाद्य आपल्याकडे ओढलं. एकेक तार ते अंगठ्याने छेडत होते, कान लावत होते. खुंटी हुकली की डाव्या हातावर उजवा हात दाबून धरत होते. मुलीला पुढे होऊन तो हात धरावासा वाटला. तिने धरला नाही. शिपायाने त्या माणसाचं नाव पुकारलं तेव्हा शेवटची तार व्हायची होती. ती झाल्यावरच त्यांनी वाद्य सोडलं.

दार लागलं. आतून लगेच वाजवणं सुरू झालं. सूर चोख होता. मुलगी जिन्यापाशी उभी राहिली. नाना मात्र दोन्ही हात मांडीवर ठेवून, बंद दाराकडे तोंड करून, दुसऱ्याचं वाजवणं संपायची वाट पाहत बसून राहिले.