एकदाही जमिनीला न लागलेला टायर

मित्रांनो, मी एक जुना टायर आहे, पण मला पाहून तुम्ही ते कधीच ओळखलं नसतं. माझ्या नक्षीत साधा खडासुद्धा अडकलेला नव्हता. एका मोठ्या फोर-व्हील ड्राइव्ह गाडीच्या मागच्या दारावर टांगलेली स्टेपनी म्हणजे मी. बाकीचे चौघे पुढचा रस्ता बघतात, मला मात्र मागे पडलेलंच दिसतं. दोहाच्या उन्हात दहा उन्हाळे मी नुसता लटकून काढले आणि खरं सांगतो, त्याचा मला तोराच होता.

तीन वर्षांपूर्वी मूळच्या वसईच्या ट्रेवरनं ही गाडी मायदेशी परतणाऱ्या एका कुटुंबाकडून घेतली. अल मुंतझातल्या फ्लॅटमध्ये तो, त्याची नर्स बायको सिमोना आणि नऊ वर्षांची कॅरिना राहतात. यंदा डिसेंबरात वाळवंटात जायचं ठरलं, तेव्हा टायर निवडायला ट्रेवर मुऐदरला उमैरच्या दुकानात गेला. नेटवर बरंच वाचून गेला होता, म्हणून आधी त्यानं विंटर टायरच मागितले.

“भाईसाहब, वो बर्फ के लिए हैं,” उमैर हसला. “यहाँ की सड़क पर तो घिसकर ख़त्म हो जाएँगे. सर्दी हो या गर्मी, आपको रेत वाला चाहिए.”

चार रुंद टायर बसले. मग उमैरनं माझ्या अंगावरच्या चार आकड्यांवर बोट ठेवलं. “पहले दो हफ़्ता, बाद के दो साल. इकतीसवाँ हफ़्ता, दो हज़ार पंद्रह. ये भी बदल दो.”

“अरे, ये तो कभी ज़मीन को लगा भी नहीं! एकदम नया है,” ट्रेवर म्हणाला.

मीही मनात मान डोलावली. पाहुण्यांसाठीचे कप आणि ठेवणीतल्या चादरी आपल्याकडे वर्षानुवर्षं नव्याच असतात, तसाच मी. आत कुठेतरी बारीक तडे जात होते ते मला जाणवत होतं, पण तिकडे मी कानाडोळा केला.

चर्चमधली शुक्रवारची मिस्सा आटोपून गाडी दक्षिणेला निघाली. वाळू लागताच, चाकं रुतू नयेत म्हणून, ट्रेवरनं चारही चाकांची हवा कमी केली. वाळू जमिनीलगत सरपटत होती. आमच्या चाकांचे माग माझ्या डोळ्यांदेखत पुसले जात होते, जणू इथे कोणी आलंच नव्हतं. मग एक टेकडी घुमू लागली. इथल्या काही टेकड्या घुमतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे, तरी कॅरिनानं आईचा हात धरला.

तेवढ्यात कुठल्याशा जुन्या तंबूची लोखंडी मेख मागच्या डाव्या चाकात घुसली. ट्रेवरनं घाम पुसत मला उतरवलं आणि तिथे बसवलं.

आयुष्यात पहिल्यांदा मी जमिनीला लागलो. आणि खालून कोणीतरी विचारलं, “किती वर्षांचा?”

वाळूखाली टाकून दिलेले टायर होते. किती होते, देव जाणे.

“नवा आहे मी,” मी म्हणालो. खाली सगळे एकदम गप्प झाले. त्या शांततेनं मला धडकी भरली.

डांबरी रस्ता आला, चाकांत हवा भरून झाली. “यल्ला, चला, आता एकशेवीसनं घरी,” ट्रेवर म्हणाला.

थोड्या वेळानं कॅरिना म्हणाली, “ममा, इट्स स्टिल हमिंग.”

“टेकडी तर केव्हाच मागे राहिली, बाळा.”

“नॉट द हिल. अंडर मी.”

सिमोनानं ट्रेवरला गाडी कडेला घ्यायला लावली. दुकानातली गंमत म्हणून ट्रेवरनं त्या चार आकड्यांची गोष्ट तिला जेवताना सांगितली होती. ती वाकली, तिनं माझ्यावरची धूळ पुसली आणि आकडे वाचले.

“ट्रेवर, हा आपल्या कॅरिनापेक्षा मोठा आहे.”

“पण वापरलेला नाही गं.”

“मुदत संपलेलं इंजेक्शनसुद्धा वापरलेलं नसतं.”

ट्रेवरनं फोन काढला. त्यानं गाडी न्यायला माणूस बोलावला आणि तिघं रस्त्यापासून लांब जाऊन उभे राहिले.

मी मात्र अजून घुमत होतो. चाक थांबलेलं, वारा पडलेला, जवळ कोणी नाही, आणि माझ्या पोटातला तो आवाज वाढतच चालला होता. मला थांबवता येईना. मग मी उभ्या जागी फुटलो. रबराची एक पट्टी उडून कॅरिनाच्या बाजूच्या दारावर अशी आदळली की पत्रा आत गेला.

मग सिमोनाचा हात सोडून कॅरिना हळूच पुढे आली आणि तिनं माझ्या फाटलेल्या कडेवर हात ठेवला. मी अजून गरम होतो. “पुअर थिंग,” ती म्हणाली.

मित्रांनो, टायर घेताना चारच मोजू नका. पाचव्यालाही त्याचं वय विचारा, कारण तो आपणहून सांगणार नाही. माझ्याशी मायेनं बोलणारी ती पहिलीच, आणि एकशेवीसच्या वेगात मी तिचाच जीव घेणार होतो.