गिरिजाची कात्रणं

सिटी एडिटरची, म्हणजे शहराच्या बातम्यांच्या प्रमुखाची, जागा केविनला मिळाली. आमच्या लेकीने, गिरिजानेच तीन वर्षांपूर्वी ज्याला बातमी लिहायला शिकवलं, त्या केविनला. ती त्या अमेरिकन पेपरात १९९७ पासून, म्हणजे नऊ वर्षं होती. न्यूजरूममध्ये साठ माणसं, त्यांत गोरी नसलेली चार, आणि वरच्या केबिनमध्ये एकही नाही. माझं डोकंच फिरलं.

शनिवारी ती फ्रीमाँटला घरी आली आणि सोफ्यावर पाय पोटाशी घेऊन बसून राहिली. तिच्या आईने पोहे केले, ते तसेच गार झाले.

"एडिटरने कारण काय दिलं?" मी विचारलं.

"ही सेड, इंडियन कम्युनिटीवर तुझ्यासारखं कोणी लिहीत नाही. तुला तिथून हलवलं तर ते कोण करणार? आणि सिटी एडिटरला म्हणे अख्खं शहर कळायला हवं."

"मूर्ख आहे तो! तू काय फक्त दिवाळीवर लिहितेस? थांब, दाखवतोच तुला."

मी तावातावाने कपाटातून तिच्या कात्रणांची फाइल काढली. प्रत्येक कात्रण मी स्वतः कापून प्लॅस्टिकच्या पाकिटात घातलेलं. इथल्या महाराष्ट्र मंडळात कोणी भेटलं की मी ती फाइल कौतुकाने दाखवायचो.

पहिल्या पानावर मंडळाचा गणपती. मग दिवाळी मेळा, देवळाचं उद्घाटन, स्पेलिंगच्या स्पर्धेत जिंकलेली मंडळातल्या प्रीताची मुलगी. "नरेंद्रकाका म्हणताहेत, तेवढं छापून आण गं," असा फोन दरवेळी मीच करायचो. मंडळातल्या या काकांना नाही म्हणणं तिला कधी जमलं नाही.

"बाबा, शाळेच्या पाण्यात शिसं सापडलं, ती माझी स्टोरी कुठे आहे?" तिने विचारलं. "फ्रंट पेजवर होती. सहा महिने खपले होते मी त्यासाठी."

मी भराभर पानं उलटली. नव्हती. वाचली होती मी ती, आवडलीही होती. पण त्यात आपलं कोणी नव्हतं, म्हणून तो पेपर रद्दीत गेला.

"इट्स ओके, बाबा."

तिने फाइल मिटून माझ्या मांडीवर ठेवली. इतका वेळ मी तिच्या एडिटरला शिव्या घालत होतो. आता मला तिच्याकडे मान वर करून बघवेना.