एकशे आठचं बोलावणं

जीपचं मागलं चाक चरीत उतरलं आणि गाडी एका अंगाला कलली, तशी राहीबाईंनी आधी सुनेचं डोकं मांडीवर घेतलं, मग खाली पडलेला मोबाइल शोधला. शिवांजलीला कळा सुरू झाल्या होत्या आणि तासगावचा दवाखाना अजून लांब होता. मोठा रस्ता तुंबलेला, म्हणून द्राक्षबागांमधल्या या आडवाटेनं गाडी घाल, असं राहीबाईंनीच मुलाला सांगितलं होतं. त्यांच्या माहेरची वाट होती ती. शिवतेजनं चाकाखाली दगड लावून बघितले, पण चाक जागच्या जागी फिरून नुसती माती उडवत होतं.

राहीबाईंनी एकशे आठ लावला. पलीकडची मुलगी गोड बोलणारी निघाली. पहिलटकरीण का, कळा किती वेळानं येतात, सगळं विचारून घेऊन गाडी पाठवते म्हणाली. पण बागांमधल्या वाटांत चालक चुकायचा, तेव्हा जवळपासचं कुणी पुढं येऊन रस्ता दाखवेल का?

राहीबाईंनी समोर पाहिलं. दोन बागांपलीकडं, बेदाण्याच्या शेडमागं, लालासाहेबांच्या घराचा पत्रा चमकत होता. राहीबाईंचे थोरले बंधू. शिवतेजच्या लग्नात देवामागोमाग मामाच्या दारी अक्षत घेऊन जायचं, ते धावपळीत राहिलं आणि राहीबाईंनी पत्रिका मोबाइलवर धाडली. मामा लग्नाला आले नाहीत. आपल्याला बोलावणंच नव्हतं, असं चारचौघांत म्हणाले. ते ऐकून राहीबाईही चिडल्या. तेव्हापासून सख्ख्या भावाबहिणीत शब्द नव्हता.

शिवांजलीनं दात आवळून त्यांचं मनगट धरलं.

राहीबाईंनी फोनवर भावाचा नंबर सांगितला. तोंडपाठ होता.

“पर माजं नाव सांगू नगा,” त्या हळूच म्हणाल्या.

लालासाहेब ट्रॅक्टर पळवतच आले. सदऱ्याची बटणं खालीवर लागलेली, आणि मागोमाग ॲम्ब्युलन्स. डॉक्टरीणबाईंनी शिवांजलीला तपासलं, अजून वेळ आहे, घाबरायचं कारण नाही, म्हणाल्या. सोबत एकालाच जागा होती. शिवतेज चढता चढता मामाच्या पाया पडायला वळला, तसं लालासाहेबांनी त्याच्या पाठीत थाप घालून त्याला आत ढकललं.

“पाया मागनं पड. आदी बायकूजवळ बस.”

गाडी बागांआड झाली. राहीबाईंनी पदर सावरला. भावाकडं न बघताच विचारलं,

“तुला कुनी बोलिवलं?”

“सरकारनं,” लालासाहेब म्हणाले. “बाई लय अडचनीत हाय म्हनले, पर नाव सांगत न्हाई. म्हनलं, मग ती आमचीच.”

राहीबाईंनी पदर तोंडाशी नेला. हसू आवरेना, आणि डोळेही पुसायचे होते.

दोर लावून लालासाहेबांनी जीप वर ओढली, पण चाक पार वाकडं झालेलं. मग त्यांनी खांद्यावरचा टॉवेल ट्रॅक्टरच्या मडगार्डवर अंथरला आणि नुसती मान हलवली. राहीबाई वर चढून बसल्या. वाटेत त्यांनी यंदाच्या बेदाण्याचं विचारलं, लालासाहेबांनी बहिणीच्या गुडघ्यांचं. बाकी विषय दोघांनीही टाळले.

तासगावात शिरता शिरता मोबाइल वाजला. शिवतेजचा फोन. लालासाहेबांनी ट्रॅक्टर बाजूला घेऊन बंद केला आणि आपला काही संबंध नसल्यासारखे रस्त्याकडं बघत बसले.

राहीबाईंनी हिरवं बटण दाबलं आणि स्वतः न ऐकता मोबाइल भावाच्या कानाला लावला.