ओल्शा नदीची रुंदी

ब्रोन्याने नकाशावर मोजपट्टी ठेवली, उचलली, पुन्हा ठेवली. काठापासून काठापर्यंत एकशेवीस मीटर.

हॅमिल्टनच्या पोलिश इंजिनिअर मंडळाचा एक शिरस्ता होता. दुसऱ्याने तपासून सही केल्याशिवाय कुणाचंही रेखाटन दप्तरात जायचं नाही. लुद्विकसाहेबांचा पूल तपासायला ब्रोन्याकडे आला होता. कॅनडात त्यांनी बांधलेल्या पुलांवरून रोज हजारो गाड्या धावत. हा पूल मात्र मायदेशी, त्यांच्या गावचा. युद्धात उडवलेल्या पुलाच्या जागी उभा राहावा म्हणून तीस वर्षं ते तो आठवणीवरून कागदावरच बांधत होते.

खाली सभागृहात लिंबू घातलेला चहा, खसखशीचा केक आणि वक्त्याला सोलून काढायला टपलेले सभासद वाट पाहत होते.

"इंजिनिअरसाहेब, आज सुटका नाही!" अध्यक्ष ओल्गेर्द दारातून डोकावले. "पुराचं गणित चुकलं तर केक बंद."

"तू बांधलेल्या कारखान्याच्या चिमणीपेक्षा सरळ उभा राहील माझा पूल. जा, चहा ढोस."

ओल्गेर्द हसत जिना उतरले. लुद्विक ब्रोन्यासमोर बसले.

"ब्रोन्याबाई, उन्हाळ्यात आमच्या गावाला जाऊन आलात म्हणे."

"गेले होते."

"नदी पाहिलीत?"

तिच्या पर्समधल्या वहीत आकडा होता. अडतीस मीटर. उडवलेल्या पुलाचे दगडी पाये दोन्ही काठांवर तसेच होते, मध्ये आता लाकडी साकव होता. त्यावरून फीत धरून तिने स्वतः मोजलं होतं, दोनदा. माहेरची विहीर सासरी नेहमी खोलच आठवते. परदेशात नद्यांचंही तसंच होतं. हसत हसत सांगू, असं ठरवूनच ती आली होती. तिने पर्स उघडली.

"पूल उडाला तेव्हा मी चौदाचा," लुद्विक नकाशाकडे पाहत म्हणाले. "धाकटा पलीकडे राहिला. यूझेक. नऊ वर्षांचा. काठावर उभा राहून मला हाका मारत होता. संध्याकाळपर्यंत."

ब्रोन्याचा हात पर्समध्येच थांबला.

"पोहायला येत होतं मला. पण एकशेवीस मीटर, बाई. कुणाला जमलं असतं?"

त्यांचं बोट निळ्या रेघेवरून या काठापासून त्या काठापर्यंत गेलं, आणि परत आलं.

ब्रोन्याने पर्समधून वही नाही, पेन काढलं.

"मोजलीत का हो नदी?"

"मोजायला काही नव्हतं जवळ." तिने पेनाचं टोपण काढलं. "पण रुंद आहे. फार रुंद."

नकाशाच्या कोपऱ्यात तिने नाव लिहिलं, तारीख घातली. तेवीस वर्षांच्या नोकरीत न तपासलेल्या आकड्याखाली तिने कधी सही केली नव्हती. हा तर तपासलेला होता.

"जुन्या पुलाचे पाये दिसले का, काठावर?"

"नाही दिसले. वाहून गेले असतील."

लुद्विकनी मान वर केली. तिच्याकडे पाहिलं. खाली कुणीतरी चमच्याने पेला वाजवून सभा सुरू झाल्याचं सांगत होतं.

"ग्रॅनाइटचे होते," ते हळूच म्हणाले, आणि शाई वाळेपर्यंत तिच्या सहीवर फुंकर घालत राहिले.